करांचा प्रादेशिक ताळेबंद (महाराष्ट्र)

करांचा प्रादेशिक ताळेबंद म्हणजे एखाद्या प्रदेशातून किंवा कुटुंबाकडून सरकारी तिजोरीत जमा होणारा कर आणि त्याच प्रदेशाला किंवा कुटुंबाला सरकारी खर्चातून मिळणारा लाभ यांची तुलना होय. भरणा लाभापेक्षा अधिक असल्यास त्या प्रदेशाला 'निव्वळ दाता', तर लाभ भरण्यापेक्षा अधिक असल्यास 'निव्वळ लाभार्थी' असे म्हटले जाते.

महाराष्ट्रात हा प्रश्न दोन पातळ्यांवर उपस्थित होतो. केंद्र सरकारशी असलेल्या व्यवहारात, महाराष्ट्र देतो त्या मानाने त्याला कमी मिळते, असे प्रतिपादन केले जाते. राज्याच्या अंतर्गत व्यवहारात मात्र मराठवाडा आणि विदर्भ या विभागांना त्यांच्या वाट्याचे मिळाले नाही, असा दावा 'अनुशेष' या संज्ञेखाली केला जातो. पहिल्या दाव्याची कसोटी करसंकलन ही आहे, तर दुसऱ्याची लोकसंख्या व गरज ही आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागात दोन्ही कसोट्यांतील अंतर ठळकपणे दिसून येते.

संकल्पना आणि मोजणीतील अडचणी

असा ताळेबंद मांडताना प्रथम कर कोणाच्या नावावर लिहावयाचा, हे ठरवावे लागते. कर भरला जातो ते ठिकाण आणि कराचा भार प्रत्यक्षात ज्याच्यावर पडतो त्याचे ठिकाण ही दोन्ही अनेकदा वेगळी असतात. मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या कंपनीचा प्राप्तिकर मुंबईत जमा होतो. तिचे कारखाने, कामगार आणि ग्राहक मात्र देशभर विखुरलेले असतात. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदरावर भरले जाणारे सीमाशुल्क अंतिमतः ज्या राज्यात तो माल खपतो तेथील ग्राहकाच्या खिशातून जाते. देशातील प्रत्यक्ष करांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रक्कम महाराष्ट्रातून जमा होते. तथापि ही सर्व रक्कम राज्यातील रहिवाशांनी सोसलेला कर आहे, असे त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरी अडचण खर्चाची आहे. स्पेन सरकारने २००८ साली आपल्या स्वायत्त प्रदेशांचे २००५ या वर्षाचे ताळेबंद प्रसिद्ध केले, तेव्हा ते एकाहून अधिक पद्धतींनी मांडले होते. एका पद्धतीत पैसा ज्या ठिकाणी खर्च होतो तेथे तो लिहिला जातो. दुसरीत ज्याला लाभ होतो त्याच्या नावावर तो लिहिला जातो. संरक्षण, राष्ट्रीय कर्जावरील व्याज किंवा सर्वोच्च न्यायालय यांवरील खर्च पहिल्या पद्धतीने मोजक्या ठिकाणी दिसतो, तर दुसऱ्या पद्धतीने सर्व नागरिकांत वाटला जातो. पद्धत बदलली की त्याच प्रदेशाची शिल्लक बदलते.

तिसरी अडचण आकडेवारीची आहे. राज्याच्या अर्थसंकल्पात कराचे उत्पन्न करप्रकारानुसार दाखवले जाते, जिल्ह्यानुसार नव्हे. त्यामुळे विभागवार खर्चाचा हिशेब बऱ्याच अंशी मांडता आला, तरी विभागवार भरण्याचा हिशेब अनुमानावरच अवलंबून राहतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एका भूभागातून कर गोळा होऊन त्याचा लाभ अन्यत्र जातो, हा विचार भारतात प्रथम पद्धतशीरपणे दादाभाई नौरोजी यांनी मांडला. ब्रिटनमध्ये होणाऱ्या प्रशासकीय खर्चासह भारतातून मोबदल्याविना बाहेर जाणारी संपत्ती मोजण्याचा प्रयत्न त्यांनी केला. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे विवेचन एकत्रित आले असून ते 'संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त' म्हणून ओळखले जाते.

ब्रिटिश भारतातील केंद्र आणि प्रांत यांच्या आर्थिक संबंधांचा अभ्यास डॉ. भीमराव आंबेडकर यांनी कोलंबिया विद्यापीठातील प्रबंधात केला. प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९३६ च्या निमेयर निवाड्यानुसार प्राप्तिकराच्या निम्म्या भागाची प्रांतांमध्ये वाटणी ठरली. तीत मुंबई आणि बंगाल या प्रांतांना प्रत्येकी २० टक्के वाटा मिळाला.

स्वातंत्र्यानंतर भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८० अन्वये वित्त आयोगाची तरतूद झाली. के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वित्त आयोगाने १९५२ साली प्राप्तिकरातील राज्यांच्या हिश्शाची वाटणी ८० टक्के लोकसंख्येनुसार आणि २० टक्के संकलनानुसार करण्याची शिफारस केली. संकलनाचा हा निकष औद्योगिक मुंबई राज्याला अनुकूल होता. कालांतराने तो वाटपातून वगळला गेला आणि त्याची जागा गरजेच्या निकषांनी घेतली. राज्यांना मिळणाऱ्या योजनासाहाय्यासाठी १९६९ मध्ये स्वीकारलेले सूत्र अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला होता. दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या विशेष समस्या यांना प्रत्येकी १० टक्के भार होता.

केंद्र सरकार आणि महाराष्ट्र

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी केंद्राच्या वाटपयोग्य करनिधीतील ४१ टक्के भाग राज्यांना देण्याची शिफारस केली. राज्याराज्यांतील वाटणीसाठी पुढील निकष वापरण्यात आले: सधन राज्यांपासून दरडोई उत्पन्नाचे अंतर ४५ टक्के, लोकसंख्या १५ टक्के, क्षेत्रफळ १५ टक्के, लोकसंख्या नियंत्रणातील कामगिरी १२.५ टक्के, वने व पर्यावरण १० टक्के आणि करप्रयत्न २.५ टक्के.

या सूत्रानुसार महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरला. उत्तर प्रदेशाचा हिस्सा १७.९३९ टक्के, तर बिहारचा १०.०५८ टक्के होता. म्हणजे वाटपयोग्य निधीतील प्रत्येक १०० रुपयांपैकी सुमारे २ रुपये ५९ पैसे महाराष्ट्राला आणि सुमारे ४ रुपये १२ पैसे बिहारला मिळत होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत महाराष्ट्राचा वाटा ९.२८ टक्के होता. त्यामुळे करसंकलनाच्या आणि लोकसंख्येच्याही तुलनेत राज्याचा हिस्सा कमी दिसतो. केंद्राने बसवलेले उपकर आणि अधिभार वाटपयोग्य निधीत समाविष्ट नसतात, ही राज्यांची आणखी एक तक्रार आहे.

हा हिस्सा म्हणजे संपूर्ण ताळेबंद मात्र नव्हे. अनुदाने, केंद्रपुरस्कृत योजना, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, अन्नधान्यावरील अनुदान आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचे वेतन या मार्गांनीही केंद्राचा पैसा राज्यात खर्च होतो.

१ जुलै २०१७ रोजी लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने या चर्चेला नवे वळण दिले. हा कर उत्पादनस्थळाऐवजी उपभोगाच्या ठिकाणी लागू होतो. त्यामुळे उत्पादक राज्यांचे नुकसान होईल अशी भीती महाराष्ट्रासह काही राज्यांना होती. यावर उपाय म्हणून २०१५-१६ हे आधारवर्ष धरून वार्षिक १४ टक्के महसूलवाढीच्या हमीने पाच वर्षे नुकसानभरपाई देण्यात आली. त्याच वेळी मुंबई महानगरपालिकेची जकात रद्द झाली आणि स्थानिक संस्थांना भरपाई देण्यासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला.

राज्यांतर्गत समतोल: नागपूर करार ते केळकर समिती

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात नियोजित मराठी राज्यातील विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे आणि मराठवाड्याच्या विकासाकडे विशेष लक्ष पुरवण्याचे मान्य करण्यात आले. विभागाने किती कर भरला, हा निकष करारात नव्हता. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे आणि विकासखर्चाचे न्याय्य वाटप यांची तरतूद आहे.

निधीतील तफावत मोजण्यासाठी राज्य सरकारने १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने १९८४ मध्ये अहवाल सादर केला. रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्यसेवा, पाणीपुरवठा, भूविकास व मृदसंधारण आणि पशुवैद्यकीय सेवा या नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे आहे, हे पाहून ती तूट भरून काढण्याचा खर्च समितीने काढला. या खर्चालाच अनुशेष म्हणतात. एकूण अनुशेष ३,१८६.७७ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा १,२४६.५४ कोटी, उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी आणि मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी रुपये होता.

१९९४ साली तिन्ही विभागांसाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यानंतर नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये इतका ठरवला. त्यात विदर्भाचा वाटा ६,६२४.०२ कोटी, मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३,३७८.२० कोटी रुपये होता. दरम्यान किमती आणि राज्याची सरासरी, दोन्ही वाढल्या होत्या. त्यामुळे दोन अहवालांतील रकमांची थेट तुलना करता येत नाही. विभागांच्या वाट्यांची तुलना मात्र करता येते. एकूण अनुशेषात मराठवाड्याचा वाटा सुमारे २३.६ टक्क्यांवरून सुमारे २८.६ टक्क्यांवर गेला.

विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालात भौतिक अनुशेषापलीकडे जाऊन पाणी, शिक्षण, आरोग्य आणि उद्योग यांचा विचार केला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांचे पुनरुज्जीवन करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला.

अनुशेष ही संकल्पना ताळेबंदाची केवळ खर्चाची बाजू मोजते. कोणत्या विभागाने किती कर दिला, याची नोंद यांपैकी कोणत्याही समितीच्या अनुशेषाच्या सूत्रात नाही.

रोजगार हमी योजना आणि व्यवसाय कर

नागरी करदात्याकडून ग्रामीण मजुराकडे पैसा जाण्याचे राज्यातील सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे रोजगार हमी योजना होय. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून पुढे आलेल्या या योजनेला १९७२ च्या दुष्काळात राज्यव्यापी स्वरूप आले. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेच्या निधीसाठी १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू करण्यात आला. नोकरदार आणि व्यावसायिक यांच्याकडून तो वसूल होतो. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. मोटार वाहने, विक्री कर, बागायती जमीन यांवरील अतिरिक्त आकारणीही योजनेच्या निधीसाठी ठेवण्यात आली. करातून जमा होणाऱ्या रकमेइतकीच भर राज्य सरकारने घालावी, अशी व्यवस्था होती.

पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' म्हणून कापली जाणारी रक्कम अशा रीतीने दुष्काळी तालुक्यातील पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते यांच्या मजुरीत रूपांतरित झाली. नोकरदार वर्ग शहरांत एकवटलेला असल्यामुळे हा पैसा मुख्यतः शहरांकडून खेड्यांकडे वाहिला. या योजनेमुळे दुष्काळात शहरांकडे येणारे लोंढे रोखले जातील, असा विचारही नागरी पाठिंब्यामागे होता.

लाभाची बाजू मात्र वाटते तितकी सरळ नाही. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ साली असे दाखवून दिले की, मजुरी भूमिहीनांना मिळाली तरी कामांतून निर्माण झालेल्या मालमत्तेचा लाभ जमीनधारकांनाही मोठ्या प्रमाणात झाला. पाझर तलाव खोदणारा आणि त्याखालील विहिरीच्या पाण्यावर बागायत करणारा हे एकाच गावातले दोन वेगळे लाभार्थी होते. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानंतर अकुशल मजुरीचा १०० दिवसांपर्यंतचा भार केंद्राने उचलला. त्यापुढील दिवसांची हमी महाराष्ट्राने स्वतःच्या निधीतून चालू ठेवली.

आष्टी तालुका आणि कडा

कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव असून ते मराठवाड्याच्या पश्चिम सीमेजवळ, अहिल्यानगर ते बीड या मार्गावर वसले आहे. विभागांच्या सीमेवरील स्थानामुळे येथे प्रादेशिक ताळेबंदातील अडचणी स्पष्टपणे दिसतात.

कड्याचा रहिवासी अहिल्यानगर येथे जाऊन करपूर्व १०,००० रुपये किमतीचा मोबाईल विकत घेतो, तेव्हा १८ टक्के दराने १,८०० रुपये कर लागतो. त्यातील ९०० रुपये राज्याला आणि ९०० रुपये केंद्राला जातात. दुकानदाराची करनोंदणी अहिल्यानगरची असल्याने हा भरणा त्या जिल्ह्यातून, म्हणजेच 'उर्वरित महाराष्ट्रा'तून झालेला दिसतो. प्रत्यक्षात तो मराठवाड्यातील कुटुंबाने सोसलेला असतो.

ऊसतोडणी कामगारांच्या बाबतीत ही तफावत अधिक वाढते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी गळीत हंगामात मोठ्या संख्येने जोडपी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे स्थलांतर करतात. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांना तोडणीच्या श्रमातून फेडावी लागते. या काळातील त्यांच्या खरेदीवरील कर कोल्हापूर, सांगली किंवा बेळगाव येथे जमा होतो. त्यांच्या श्रमातून तयार झालेल्या साखरेवर ५ टक्के कर लागतो आणि तो साखर खपेल त्या राज्याच्या खात्यात जातो. कामगारांची मुले, शिधापत्रिका आणि आरोग्यसेवेचा खर्च मात्र बीडच्या हिशेबात लिहिला जातो. त्यामुळे कोणत्याही जिल्हावार ताळेबंदात बीडची देण्याची बाजू वास्तवापेक्षा लहान दिसते.

अहिल्यानगर–बीड–परळी वैजनाथ हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग खर्चाच्या बाजूचे उदाहरण आहे. १९९५ च्या सुमारास मंजूर झालेल्या या मार्गाचा खर्च केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. कडा स्थानकावरून जाणारा अहिल्यानगर–आष्टी हा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ रोजी आणि बीडपर्यंतची रेल्वेसेवा १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली. 'जेथे खर्च तेथे नोंद' या पद्धतीने हा खर्च बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या नावावर पडतो. रूळ, डबे आणि यंत्रसामग्री यांचा मोबदला मात्र अन्यत्र जातो आणि मार्गाचा उपयोग परळीच्या औष्णिक वीजकेंद्रासह सर्वांना होणार असतो. शिवाय मंजुरीपासून पहिली गाडी धावेपर्यंत गेलेली सुमारे सत्तावीस वर्षे कोणत्याही वार्षिक ताळेबंदात मोजली जात नाहीत.

पीकविम्याचेही तसेच आहे. विमाहप्त्यातील सरकारी हिस्सा जिल्ह्यासाठी केलेला खर्च म्हणून दिसतो. परंतु भरपाई कमी दिली गेल्यास तो विमा कंपनीकडे राहतो. २०२० पासून राबवलेल्या 'बीड पॅटर्न'मध्ये यावर मर्यादा घालण्यात आली. भरपाई हप्त्याच्या ८० टक्क्यांहून कमी असल्यास कंपनीने २० टक्के स्वतःकडे ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करावी आणि ११० टक्क्यांवरील भरपाईचा भार राज्याने सोसावा, असे त्याचे स्वरूप आहे. ही पद्धत पुढे राज्यभर वापरण्यात आली.

कुटुंबाचा ताळेबंद

'कर भरणारी' आणि 'कर न भरणारी' अशी कुटुंबांची विभागणी सामान्यतः प्राप्तिकरावरून केली जाते. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राला कर लावता येत नाही आणि बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न प्राप्तिकराच्या मर्यादेखाली असते. अप्रत्यक्ष कर मात्र प्रत्येक कुटुंब भरते. शेतकऱ्याला खतावर ५ टक्के कर द्यावा लागतो. व्यापाऱ्याप्रमाणे या कराची वजावट त्याला घेता येत नाही, कारण त्याचा शेतमाल करकक्षेबाहेर असतो. डिझेलवरील उत्पादन शुल्क आणि मूल्यवर्धित कर यांची भर त्यात पडते.

लाभाच्या बाजूस प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० रुपये येतात. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत पात्र महिलेस दरमहा १,५०० रुपये मिळतात. पतीला पहिल्या दोन आणि पत्नीला तिसऱ्या योजनेचा लाभ मिळणाऱ्या कुटुंबाकडे वर्षाला ३०,००० रुपये येतात. तेवढाच कर सरकारकडे परत जाण्यासाठी ५ टक्के दराच्या ६ लाख रुपयांच्या किंवा १८ टक्के दराच्या सुमारे १ लाख ६७ हजार रुपयांच्या वस्तू खरेदी कराव्या लागतील. अशा कुटुंबाला रोख रकमांच्या हिशेबात निव्वळ लाभार्थी म्हणता येते.

नोकरदार नागरी कुटुंबालाही लाभ मिळतात. त्यांचे स्वरूप वेगळे असते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे भाडे प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी ठेवले जाते. जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारी वजावट ही सरकारने सोडून दिलेली रक्कम असली, तरी ती अनुदान म्हणून नोंदली जात नाही.

मोफत मिळणाऱ्या वस्तूंचे मूल्य मोजण्याचा प्रयत्न २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात झाला. देशातील ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये होता. मोफत वस्तूंचे मूल्य धरल्यावर तो ३,८६० रुपये झाला. म्हणजे सरासरी फरक ८७ रुपयांचा होता. शिक्षण आणि आरोग्य या सेवांचे मूल्य यात धरलेले नाही. बालपणी शाळा, उमेदीच्या वयात करभरणा आणि वार्धक्यात निवृत्तिवेतन व उपचार, असा क्रम असल्याने एकच कुटुंब आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर दाता आणि लाभार्थी असू शकते.

मतमतांतरे

संकलनाच्या निकषाचे समर्थक असे म्हणतात की, कर निर्माण करणाऱ्या प्रदेशातील रस्ते, पाणी आणि वाहतूक यांवर पुरेसा खर्च झाला नाही, तर कराचा स्रोतच आटतो. गरजेच्या निकषाचे समर्थक असे दाखवून देतात की, कर देणारी नागरिक व्यक्ती असते, प्रदेश नव्हे; समान उत्पन्नाच्या दोन व्यक्ती समान कर देतात, मग त्यांना मिळणाऱ्या शाळा आणि दवाखाने त्यांच्या जिल्ह्याच्या श्रीमंतीवर अवलंबून असू नयेत.

महाराष्ट्राच्या बाबतीत या दोन भूमिकांमध्ये अंतर्गत विसंगती दिसून येते. दिल्लीकडे मागणी करताना संकलनाचा निकष मान्य केला आणि तोच राज्यांतर्गत लावला, तर मुंबई व पुणे यांचा हिस्सा वाढून मराठवाड्याचा दावा दुर्बळ होतो. नागपूर करारातील लोकसंख्या व गरज हा निकष मान्य केला, तर मराठवाड्याचा दावा टिकतो. परंतु त्याच न्यायाने बिहार किंवा उत्तर प्रदेशाला मिळणाऱ्या अधिक हिश्शाबद्दलची तक्रार सौम्य होते. पहिल्या वित्त आयोगाने दोन्ही निकषांचे मिश्रण केले होते. राज्यांतर्गत वाटपासाठी असे मिश्रण करावयाचे झाल्यास, कर सोसणाऱ्याच्या निवासस्थानानुसार जिल्हावार आकडेवारी आधी तयार करावी लागेल.